कडूबाच्या हातातला दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. अंगठ्याएवढा जाड, साठ हात लांब. आता माझा रंग मातीसारखा झालाय, पण मूळचा मी पिवळाधमक होतो.

कारखान्यात बारीक धाग्यांना पीळ पडला, पिळांचे तीन पदर झाले आणि त्या तीन पदरांचा मी. संग्रामपूरच्या बाजारात एका दुकानाच्या खुंटीला मी लटकत होतो. तिथून मला कडूबाने नेलं. घेण्याआधी त्याने मला दुकानाच्या तुळईला बांधलं आणि स्वतः लोंबकळून पाहिलं. दुकानदार हसला. कडूबा हसला नाही. माझ्यावर माणूस टांगायचा आहे, एवढंच तो म्हणाला. त्या दिवशी मला माझं काम कळलं आणि भीतीही.

कडूबा महादेवरावांच्या आरा मशीनसाठी झाडं तोडायचा. बांधावरच्या बाभळी, वाळलेले कडुनिंब, घरांवर झुकलेले शिरस. झाड सरळ पाडायला जागा नसली की आधी वर चढून फांद्या उतरवाव्या लागतात. वर चढायचा त्याचा भाचा जीवन, तिशीचा, सडपातळ, दोन लेकींचा बाप. माझं एक टोक जीवनच्या कमरेला असे. मधून मी वरच्या बेचक्यात अडकवलेला असे आणि दुसरीकडून कडूबाच्या पाठीमागून फिरून त्याच्या दोन्ही हातांत. जीवनचा पाय सुटला तर त्याला झेलायचं ते आम्ही दोघांनी. वरचा माणूस फांदीकडे बघतो, करवतीकडे बघतो. खाली कोण उभं आहे हे तो बघत नाही. तेवढा भरवसा असतो.

आठ वर्षं असं चाललं. दसऱ्याला करवती-कुऱ्हाडींच्या शेजारी मलाही हळदकुंकू लागायचं. कडूबाच्या हातून माणूस सुटत नाही, असं महादेवराव चारचौघांत सांगायचे, तेव्हा मलाही बरं वाटायचं.

मित्रांनो, दोराला माणूस हातावरून कळतो. गेल्या दसऱ्याच्या सुमारास मला कडूबाचा उजवा हात वेगळा लागायला लागला. पाडलेल्या झाडांचे ओंडके कापायचं हातातलं मशीन त्याने वर्षानुवर्षं त्या हाताने पेललं होतं. दिवसभराची ती थरथर बोटांत मुरत गेली होती. आता ती बोटं मला उगाच करकचून धरायची आणि मग त्यांच्याही नकळत सैल पडायची. एकदा दुपारी मला मांडीवर घेऊन तो बिडी ओढत बसला होता. बिडी जळत जळत बोटांशी आली. कातडी पोळली, तरी तो शांतपणे रस्त्याकडे बघत होता. वास आला तेव्हा त्याने खाली पाहिलं. थोटूक फेकलं, कोणी बघितलं का ते पाहिलं आणि हात खिशात घातला.

मी बघितलं होतं. पण मी कुणाला सांगणार?

घरी सोजराबाईला माहीत होतं. रोज सकाळी सदऱ्याची बटणं तीच लावून द्यायची. जीवनला सांगून टाका, असं तिने दोनदा म्हटलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसून मी काय करू, असं कडूबाने विचारलं. थंडी सरली की हात येईल ताळ्यावर, असंही म्हणाला. खुंटीवर मी सगळं ऐकत होतो.

पौषात एका बाभळीवर मी त्याच्या हातातून वीतभर निसटलो. वर जीवनला झटका बसला. काय झालं म्हणून त्याने वरूनच विचारलं. पाय सरकला, असं कडूबाने सांगितलं. त्या दिवसापासून मला सकाळ नकोशी झाली. जीवन कमरेला गाठ मारताना काहीतरी गुणगुणायचा. मला वाटायचं, आपण आत्ताच तुटून जावं, म्हणजे हा जमिनीवरच राहील. पण मी मजबूत होतो. माझ्यात काहीच खोट नव्हती.

मग सातपुड्याच्या पायथ्याजवळच्या एका खेड्यातला तो शिरस आला. गोठ्याच्या टिनांवर झुकलेला, उंच. दुपारी वारं सुटलं होतं. जीवन शेंड्याजवळ होता. कापलेली फांदी वाऱ्याने उलटी फिरली आणि तिचा बुडखा त्याच्या बरगडीत बसला. त्याचे दोन्ही पाय सुटले.

सगळा भार माझ्यावर आला. मी कडूबाच्या मुठीत ताणलो गेलो आणि सरसर पळायला लागलो. तो मला धरत होता, पण आपण किती धरलंय हेच त्याच्या हाताला कळत नव्हतं. त्याची कातडी माझ्या पिळात अडकत होती. मी ओला झालो. वरून जीवन खाली येत होता, खालून मी वर धावत होतो आणि मला थांबता येत नव्हतं.

शेवटी कडूबाने हातांचा नाद सोडला. त्याने स्वतःभोवतीच गिरकी घेतली, मला कमरेला गुंडाळून घेतलं आणि धाडकन जमिनीवर पडला. मी त्याला फरफटत बुंध्यापर्यंत नेलं. तिथे तो अडकला आणि मी थांबलो. जीवन जमिनीपासून पुरुषभर उंचीवर लोंबकळत होता.

जिवंत होता. त्याला उतरवलं, पाणी दिलं. मग त्याची नजर मामाच्या हाताकडे गेली. तळवा मांसापर्यंत सोलला होता आणि कडूबा त्याच हाताने अंगावरची माती झटकत होता.

"मामा, तुमाले दुखून नाही राह्यलं काय?"

कडूबाने हाताकडे पाहिलं.

"नाही दुखत," तो म्हणाला. "दसऱ्यापासून काहीच लागत नाही त्याले."

जीवनने कमरेची गाठ सोडली, मला तिथेच टाकलं आणि बरगडी धरून गावाकडे चालू लागला.

नऊ दिवस तो आला नाही. दहाव्या दिवशी कडूबा स्वतः त्याच्या घरी गेला आणि जीवनच्या बायकोसमोर, प्रतीक्षासमोर, पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, पण तिने त्याला बसा म्हटलं नाही. खामगावच्या डॉक्टरांनी मशीन कायमचं सोडायला सांगितलं. बोटांत थोडी जाण परत येईलही, नाहीही.

कडूबा आता महादेवरावांकडे कापलेल्या फळ्यांची थप्पी लावतो. पण झाडं तोडणारी टोळी निघण्याआधी तो मला डाव्या हातावरून टोकापासून टोकापर्यंत फिरवून बघतो. माझ्यावरचा त्याच्या रक्ताचा डाग सोजराबाईने धुऊनही गेलेला नाही. तिथे त्याचा हात थांबतो.

मित्रांनो, तुम्ही दोर तपासता, गाठ तपासता, ते चांगलंच आहे. पण धरणाऱ्यालाही विचारत जा. आणि तुमच्या हातात कुणाचा जीव असेल आणि हात साथ देत नसेल, तर लाजू नका, त्या दिवशीच सांगा. मला सांगता येत नाही. तुम्हाला येतं.

जीवन पुन्हा कामावर आलाय, पण आता मला खालून टोळीतला गोविंदा धरतो. चढण्याआधी जीवन रोज त्याला दोन्ही हात पुढे करायला लावतो आणि तळव्याला जोरात चिमटा घेतो. कडूबा तेव्हा दुसरीकडे बघतो.

"अबे, दुखते न," गोविंदा म्हणतो.

"दुखते ना?" जीवन म्हणतो. "मंग धर."