विसावं नाव

टाचणी गंजलेली होती. अर्जाच्या डाव्या कोपऱ्यात ती तिरकी खोचलेली, आणि तिच्या टोकाशी कागदावर तपकिरी रंगाचा एवढासा ठिपका — मंदाकिनी बराच वेळ त्या ठिपक्याकडेच बघत होती, कारण कागदाच्या तळाशी 'विभागप्रमुखांची सही' असं छापलेली रिकामी जागा होती आणि तिकडे तिला बघायचं नव्हतं. अर्ज कालपासून टेबलावर पडून होता. विशेष विषय बदलून मिळण्याबाबत. सोनाली दशरथ ओव्हाळ, द्वितीय वर्ष कला, हजेरी क्रमांक चौदा. अर्थशास्त्र सोडून मराठी. मुदत आज संध्याकाळी पाचपर्यंत.

अर्थशास्त्र विशेषला यंदा वीस मुलं होती, आणि संस्थेचा नियमही नेमका विसाचाच होता. एकोणीस झाली की वर्ग बंद. मग उरलेल्यांना भूगोलात नाहीतर राज्यशास्त्रात ढकलायचं, तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या दिग्विजयसरांना हात जोडून निरोप द्यायचा, आणि मंदाकिनीला, तेवीस वर्षांच्या नोकरीनंतर, 'अतिरिक्त' असं नाव देऊन संस्थेच्या दुसऱ्या कुठल्यातरी कॉलेजात पाठवायचं. हे सगळं तिला पाठ होतं. पाठ झालेल्या गोष्टींचं माणसाला काही वाटत नाही — निदान तिला वाटेनासं झालं होतं, आणि वाटेनासं कधी झालं तेही सांगता आलं नसतं.

पूर्वी वाटायचं. एक्क्याण्णवच्या जुलैत रुपयाचं अवमूल्यन झालं तेव्हा तिच्या तासाला बसायला जागा नव्हती, विज्ञान शाखेची मुलंसुद्धा खिडक्यांशी उभी होती, आणि ती वर्तमानपत्राचं कात्रण हातात धरून सांगत होती की आता देशाची दारं उघडताहेत, आता अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाला मरण नाही... तिचा आवाज तेव्हा कापला होता, हे तिला अजून आठवतं. दारं उघडली. मुलं त्या उघड्या दारातून सरळ समोरच्या कॉम्प्युटर क्लासात गेली. त्यात तिचा अभिनवही होता. आता तो बंगळूरहून रविवारी फोन करतो, 'आई, जेवलीस का' विचारतो आणि उत्तर यायच्या आत दुसरं काहीतरी बोलू लागतो. तिला त्याचा राग येत नाही. राग यायलाही अंगात काहीतरी लागतं.

मुलं येत नाहीत म्हटल्यावर गोळा करणं आलं. सगळेच विभाग करायचे. पहिल्या वर्षाचा निकाल लागला की प्राध्यापक मंडळी बाजारात भाजी मांडावी तशी नोटीस बोर्डापाशी उभी राहायची — मराठीवाले नाटकाचं आमिष दाखवायचे, भूगोलवाले सहलीचं. मंदाकिनीकडे दाखवायला काय होतं? एका जूनमध्ये तिच्या तोंडून निघून गेलं, 'बँकेच्या परीक्षांना उपयोगी पडतं, आणि गणिताला घाबरू नका, थोडंसंच असतं.' पाच मुलं लगेच आली. पुढच्या वर्षी त्या वाक्यातलं 'थोडंसंच' गळलं. तिसऱ्या वर्षापासून ती बेधडक म्हणू लागली, 'गणित नसतं.' दुसरी अख्खी प्रश्नपत्रिका सरासऱ्या, विचलनं आणि आलेखांनी भरलेली असते हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? यंदाच्या जूनमध्ये सोनाली प्रवेशाचा अर्ज घेऊन उभी होती, रकान्यात पेन्सिलीने 'मराठी' लिहिलेलं होतं, आणि मंदाकिनीने पर्समधून खोडरबर काढून स्वतःच्या हाताने तिला दिलं होतं.

बाराच्या तासाला तिने समवृत्ती वक्र शिकवला. फळ्यावर दोन अक्ष, मध्ये खाली झुकत गेलेली रेघ. 'या वक्रावरच्या कुठल्याही बिंदूवर ग्राहकाला मिळणारं समाधान सारखंच असतं,' हे वाक्य ती तेवीस वर्षं म्हणत आली होती, आज म्हणताना वाटलं, खरंच की, सही केली काय आणि नाही केली काय... तिसऱ्या बाकावर सोनाली तो वक्र वहीत उतरवत होती, रांगोळी काढावी तसा, नीट, सावकाश, आणि कुठल्या अक्षावर काय मोजायचं ते लिहायचं राहूनच गेलं होतं. पहिल्या चाचणीत तिला विसापैकी तीन मिळाले होते. तेही दिग्विजयसरांच्या दयेने.

दोन वाजता ऑफिसातले सीताराम दारातून डोकावले. "मॅडम, वर्गाची पक्की यादी आणि असतील ते अर्ज पाचच्या आत. पाच वाजून एक मिनिटाने आलेला अर्जही आम्ही घेतो — पुढच्या वर्षासाठी."

मग दिग्विजयसर आले. ते अकोल्याकडचे, वारजेला भाड्याच्या खोलीत बायको आणि दोन वर्षांची मुलगी. त्यांनी कपाट उघडलं, त्यातलं काहीच न घेता बंद केलं. "त्या ओव्हाळचा अर्ज... म्हणजे मी विचारत नाही मॅडम, सहज आपलं." ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच. "मी तिचे जादा तास घेईन. रविवारी घेईन, पाहिजे तर." त्यांच्या शर्टाची कॉलर उसवून उलटी शिवलेली होती. मंदाकिनीने ते पाहिलं, आणि पाहिलं एवढंच.

चार वाजता सोनाली आली. उंबऱ्याशीच उभी राहिली.

"बस ना."

"नको मॅडम. सही झाली असेल तर खाली देऊन येते."

"अगं, अशी घाई करू नये. पहिल्या चाचणीत सगळ्यांनाच कमी पडतात. सर तुझ्यासाठी जादा तास घेणार आहेत, रविवारी."

"रविवारी मी कामाला जाते मॅडम." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "वर्ष गेलं तर शिष्यवृत्ती थांबते. पप्पा म्हणालेत, ती थांबली की घरी बस. ताईचं तसंच झालं."

"नाही जाणार वर्ष. मी आहे ना."

मी आहे ना... हे आपणच बोललो? इतक्या मायेने? आवाज तिच्या ओळखीचा होता. जूनमधला, नोटीस बोर्डापाशी लावायचा आवाज.

"तुम्ही म्हणाला होतात मॅडम, गणित नसतं." सोनालीच्या बोलण्यात तक्रार नव्हती. बस किती वाजता सुटते हे सांगावं, तसं तिने ते सांगितलं.

मंदाकिनी थांबली. आता काहीतरी वर येईल, निदान छातीत थोडं दुखेल, म्हणून वाट पाहिली. दात काढल्यावर बधिर हिरडीवर माणूस जीभ फिरवून बघतो तसं तिने स्वतःला चाचपून पाहिलं. काही लागलं नाही.

"थोडंसं असतं," ती म्हणाली.

"हो मॅडम."

बाहेर कुणीतरी जिन्यावरून धडधडत उतरलं. सोनालीने एकदा टेबलावरच्या अर्जाकडे पाहिलं, एकदा मंदाकिनीकडे. "बरं मॅडम. तुम्ही एवढं म्हणताय तर राहते."

"नक्की?"

"हो. तुम्ही सांगताय म्हटल्यावर..." ती हसलीसुद्धा थोडी, आणि गेली. अर्ज न घेताच गेली. इतकं सोपं असेल असं मंदाकिनीला वाटलं नव्हतं; तिने मनात आणखी तीन-चार वाक्यं तयार ठेवली होती, ती तशीच राहिली.

दिग्विजयसर चहाचे दोन कप घेऊनच आले. दाराबाहेरच घुटमळत असणार. "विसाच्या वीस, मॅडम!" त्यांचे डोळे भरून आल्यासारखे दिसले. त्यांनी चहा उभ्यानेच संपवला आणि पक्की यादी सीतारामकडे द्यायला घेऊन गेले. मंदाकिनीने आपला चहा प्यायला. गोड होता. मग आवरायचं म्हणून तिने अर्ज उचलला — फाडून टाकायला, दुसरं काय — आणि फाडण्याआधी कशी कोण जाणे नजर मधल्या ओळीवर गेली. असले अर्ज कोणी वाचत नाही, सहीची जागा तेवढी बघतात; तिनेही कालपासून तेवढीच चुकवली होती. 'विषय बदलण्याचे कारण' असं छापलेलं होतं. तिथे मुलं 'वैयक्तिक' लिहितात, 'विषय अवघड' लिहितात. सोनालीने गोल, शाळकरी अक्षरात लिहिलं होतं:

'मॅडमनी सर्व नीट समजावून सांगितले होते. निवड माझीच चुकली.'

मंदाकिनीने ते पुन्हा वाचलं. सही मिळावी म्हणून लिहिलं असेल, माणसं लिहितात असं. किंवा ऑफिसात कुणी मॅडमना बोल लावू नये म्हणून... की खरंच तिला तसं वाटतं? आज घरी, येरवड्याला, ती पप्पांनाही हेच सांगणार. पुढच्या जूनमध्ये नापासाचा कागद हातात घेऊनही हेच. मी त्या मुलीला फसवलं आणि ती माझी बाजू सांभाळून घेते आहे. मी फसवलं. जूनमध्ये 'नसतं' म्हणाले मी, 'थोडंसं असतं' तेव्हा म्हणालेच नाही, आणि आज पुन्हा, आत्ता, या खुर्चीत बसून...

कानाच्या पाळ्या तापल्या. ती उठून खिडकीशी गेली, परत आली. सही केली तर दिग्विजयसरांचं वारजेचं बिऱ्हाड उठतं, नाही केली तर त्या मुलीचं कॉलेज संपतं. मघाशी दोन्ही सारखंच वाटत होतं, आता दोन्हींपैकी एकही सोसवेना. लाज वाटत होती. मानेपासून कपाळापर्यंत चढणारी, साधी, उघडीवाघडी लाज — किती वर्षांनी! पेनाचं टोपण तिने काढलं होतं की काढायचं राहिलं होतं, तेही तिच्या लक्षात नव्हतं. पाचला दहा मिनिटं कमी होती. खाली ऑफिसच्या खिडकीपर्यंत उतरून जायला दोन मिनिटं पुरतात. म्हणजे अजून आठ मिनिटं ही लाज उराशी धरून तिला इथे बसता येणार होतं, आणि तिला एकच भीती वाटत होती, तेवढ्यात ही ओसरून गेली तर.