सोसायटीच्या गाडीचं इंजिन

"बाहेरून दोन्ही गाड्या एकच," नागपूरच्या दुकानातला माणूस बॉनेट उघडत म्हणाला. "फरक आहे तो इथे. ही पेट्रोलची, ती डिझेलची. बोला, कोणती देऊ?"

रामाजीनं वाकून आत पाहिलं. आरमोरीच्या ढिवरांनी नुकतीच मच्छीमार सोसायटी काढली होती आणि तो तिचा अध्यक्ष होता. तळ्याच्या पाण्यावरचा नुसता तरंग पाहून खाली कोणता मासा फिरतो आहे ते तो सांगायचा. पण त्या नळ्या आणि तारा पाहून त्यानं हात पाठीमागे घेतले आणि घनश्यामकडे वळला.

"तू सांगशीन तेच घेऊ. आमाले काय समजते गा यातलं."

घनश्यामला याचसाठी बरोबर आणलं होतं. लढाईच्या काळात आसामकडे त्यानं फौजेची गाडी हाकली होती, आणि परत आल्यापासून लाकडाच्या ठेकेदाराची पेट्रोलची लॉरी चालवत होता. सोसायटीची पिकअप आली की तिच्यावर तोच बसणार, हे सर्वांनी धरूनच ठेवलं होतं. त्यासाठी त्यानं ठेकेदाराची नोकरीही सोडली होती.

दुकानदार सांगत होता, "डिझेल ओझ्याला चांगलं. तुमच्याकडे रस्ते कच्चे, नदीनाले फार—"

"डिझेल म्हणजे रोग हाये साहेब," घनश्याम मध्येच म्हणाला. "हिवाळ्यात सकाळी उठत नाई. बिघडलं तर मेकॅनिक नागपूरहून बोलवा. तोवर मासोळी सडून जाईन."

तो जे बोलला त्यात खोटं फारसं नव्हतं. पण ते खरं कारणही नव्हतं.

खरं कारण पोचू होता. सिरोंच्याकडचा हा तरुण ड्रायव्हर दुसऱ्या एका ठेकेदाराची डिझेलची लॉरी चालवायचा. मागच्या पावसाळ्यात कुरखेड्याच्या वाटेवर घनश्यामची लॉरी नाल्यात बंद पडली, आणि तिच्या बाजूनं पोचूची लॉरी दिव्यांपर्यंत पाणी कापत निघून गेली. पाणी ओसरल्यावर घनश्याम पुढे निघाला, तर नाक्यावर तीच लॉरी थांबलेली दिसली. पोचू तापानं फणफणला होता आणि तेलाच्या नळीत हवा धरली होती. "अन्ना, तेवढी हवा काढून द्या," तो म्हणाला. घनश्यामनं बाह्या सरसावल्या. हा नट सोड, तो नट आवळ, सारं करून झालं. इंजिन काही बोललं नाही. भोवती मजूर जमले. "लढाईवरचा डायवर!" कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. शेवटी पोचू तापातच उठला, दोन ठिकाणी पाना फिरवला, आणि लॉरी धडधडू लागली.

ते हसणं घनश्यामच्या कानातून गेलं नव्हतं. डिझेलची गाडी आली तर सोसायटी आज ना उद्या पोचूला बोलावणार, आणि आपण चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा ठेकेदाराच्या दारात उभे राहणार, हे त्याला दुकानात शिरण्याआधीच दिसत होतं.

शकुबाई रामाजीच्या मागे उभी होती. माशांच्या टोपल्या डोक्यावर घेऊन वडशाच्या स्टेशनापर्यंत जाणाऱ्या बायकांची ती पुढारी. गाडी बायकांच्या कामाची, तेव्हा बायकांपैकी कोणी हवंच, असं म्हणून ती हट्टानं नागपूरला आली होती. पदर सावरत तिनं विचारलं, "मले एकच सांग भाऊ. पान्यातून कोनती निघते? आपल्याकडं तं सारं पानीच पानी."

घनश्यामला उत्तर माहीत होतं. पेट्रोलच्या इंजिनाला पेटायला ठिणगी लागते आणि पाणी उडालं की ठिणगी मरते. डिझेलला ठिणगी लागतच नाही. आसामच्या चिखलात त्यानं हे पाहिलं होतं, कुरखेड्याच्या नाल्यात पाहिलं होतं.

"दोन्ही सारख्याच, बाई," तो म्हणाला.

शकुबाईनं मान डोलावली. रामाजीनं पेट्रोलच्या गाडीवर तळहात ठेवला, बैल पसंत केल्यावर त्याच्या पाठीवर ठेवावा तसा.

गाडी गावात आली त्या दिवशी ढिवरमोहल्ल्यातली एकही चूल वेळेवर पेटली नाही. बायकांनी चाकांना हळदकुंकू लावलं. घनश्यामच्या खांद्यावर रामाजीनं नवा शेला टाकला. ज्या बायका अंधार असतानाच निघून, ओल्या टोपल्यांतलं पाणी मानेवर झेलत वडशाची वाट तुडवायच्या, त्या आता टोपल्यांसकट गाडीत बसून गाणी म्हणत जाऊ लागल्या. दर खेपेला घनश्यामच्या घरी वाट्याची मासोळी पोचती व्हायची. त्याची बायको वच्छला ती चिंच घालून रांधायची आणि शेजारणींना सांगायची, "आमच्या यायनंच पसंत केली हो गाडी."

उन्हाळ्यात नाले कोरडे होते. गाडी कधी अडली नाही. घनश्याम दुकानातलं ते वाक्य जवळजवळ विसरला.

भादव्यात तळी भरून सांडव्यावरून वाहू लागली आणि मासोळी लागली ती अशी, की जुन्या माणसांनाही तसं वर्ष आठवेना. नागपूरच्या व्यापाऱ्यानं निरोप दिला: असेल तेवढी पाठवा, माल चांगला आला तर पुढे तुमच्याकडूनच घेईन. त्या सकाळी गाडी काठोकाठ भरली. टोपल्यांवर बायका, बायकांच्या मांडीवर टोपल्या. शकुबाईची सून मैना मागच्या फळीला धरून बसली होती. जाळं विणण्यात तिचा हात धरणारी मोहल्ल्यात दुसरी नव्हती. दुसऱ्या गावचे ढिवरही तिच्याकडून जाळी विणून न्यायचे.

गाढवी नदीच्या रपट्यावर, त्या पाण्यालगतच्या ठेंगण्या पुलावर, पाणी चढलं होतं. फार नव्हतं, गुडघ्याच्या वर. घनश्यामनं गाडी थांबवली.

"निघन का गा?" शेजारी बसलेल्या रामाजीनं विचारलं.

नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं की काऊन म्हणून विचारलं असतं. घनश्यामनं गिअर टाकला.

रपट्याच्या मधोमध पाणी पंख्यात गेलं, पंख्यानं ते इंजिनभर उडवलं. गाडी दोन आचके देऊन थांबली. त्यानं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. मग खाली उतरून बॉनेट उघडलं आणि शेल्यानं प्लग पुसू लागला. पाणी मांड्यांना लागत होतं. पुसावं तेवढ्यात नवं पाणी उडत होतं.

पलीकडच्या काठापासून स्टेशन अजून बरंच लांब होतं आणि रेल्वेची वेळ होत आली होती. शकुबाईनं कोणाला विचारलं नाही. पदर कमरेला खोचून ती पाण्यात उतरली. "द्या वं टोपली," ती म्हणाली. तिच्या डोक्यावर टोपली चढली, मग दुसरीच्या, मग तिसरीच्या. रांग लागली. घनश्याम प्लग हातात घेऊन उभा होता आणि बायका त्याच्या जवळून, गाडीच्या कडेला धरून धरून, पुढे जात होत्या.

"मी बी घेतो एक," तो म्हणाला.

"तू गाडी पाह्य भाऊ," एक बाई म्हणाली. "तुहं काम ते."

तिनं ते सरळ मनानं म्हटलं होतं.

मैना शेवटच्या बायकांत होती. रपट्याच्या टोकाला शेवाळलेल्या दगडावरून तिचा पाय गेला. टोपली पाण्यात पडली, मासोळी पांढरी चमकत वाहून गेली, आणि मैना उजव्या हातावर आदळली. दोघींनी तिला धरून वर काढलं. ती रडली नाही. मनगटाकडे नुसती पाहत राहिली. ते भलत्याच बाजूला वळलं होतं.

तेवढ्यात मागून पोचूची लॉरी आली. लाकडं भरलेली. पोचू रामाजीशी दोन शब्द बोलण्यापुरता थांबला आणि लॉरी पाण्यात शिरून, बंद गाडीच्या कडेनं, पलीकडे गेली. तिकडून पोचू साखळी घेऊन पाण्यात आला. साखळी अडकवताना तो घनश्यामच्या शेजारी वाकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "अन्ना, या मुलखात पेट्रोल कोनी घेतली?"

रामाजीनं ते ऐकलं.

"सोसायटीनं घेतली," तो म्हणाला. "सगळ्यायनं मिळून घेतली. त्याले काऊन बोलतं?"

घनश्यामनं मान वर केली नाही.

रेल्वे सुटण्याआधी चारच टोपल्या स्टेशनवर पोचल्या. बाकीची मासोळी दुपारपर्यंत वास मारू लागली आणि नदीकाठी पुरावी लागली. व्यापाऱ्याचा निरोप पुन्हा आला नाही. मैनाचा हात गावच्या वैदूनं बांधला. बांबूच्या कामट्या काढल्या तेव्हा हाड वाकडं बसलं होतं आणि तिची बोटं मिटत नव्हती.

त्यानंतरही घनश्यामच्या घरी वाट्याची मासोळी येत राहिली. ती शकुबाईच आणून द्यायची. एकदा तिनं दारातूनच विचारलं, "वच्छला, भाऊ बरा हाये नं? खेप झाली का दिसतच नाई आजकाल मोहल्ल्यात." घनश्याम आत भिंतीला टेकून बसला होता. तो हलला नाही.

त्या दुपारी त्यानं ताटातली मासोळी बाजूला सारली.

"काऊन? खारट झाली का?" वच्छलानं विचारलं.

"नाई."

"मंग काऊन खाऊन नाई राह्यले? महिना झाला, नुसता भात खाऊन राह्यले तुमी."

त्यानं तिला सांगितलं. पोचूचं, नाक्यावरच्या हसण्याचं, नागपूरच्या दुकानाचं, शकुबाईच्या प्रश्नाचं. सांगताना तो ताटाकडे पाहत होता. वच्छलानं बाहेर पाहिलं. ज्या गाडीची तिनं शेजारणींत एवढी बढाई मारली होती, ती दारातून दिसत होती.

"मले सांगून काय होते?" ती म्हणाली. "मी काही टोपली नाई वाह्यली. त्यायले सांगा."

सोसायटीची बैठक रामाजीच्या पडवीत भरायची. पुरुष पुढे, बायका दाराशी. तळ्यांच्या लिलावाचं बोलणं संपल्यावर घनश्याम उभा राहिला. फौजेत साहेबापुढे राहावं तसा, हात सरळ खाली सोडून.

"मले एक सांगायचं हाये," तो म्हणाला. "डिझेलची गाडी घ्यायले पाह्यजे होती. मले मालूम होतं. शकुबाईनं विचारलं तवाच मालूम होतं. मी खोटं बोललो. डिझेल मले येत नाई. तुमी पोचूले बोलवसान आन् मी घरी बसन, मनून बोललो."

बाहेर वाळत घातलेल्या जाळ्यांत वारा शिरत होता. एक तरुण पुरुष ताडकन उठला; रामाजीनं हातानंच त्याला खाली बसवलं.

"आज काऊन सांगतं?" रामाजीनं विचारलं.

"सहन नाई होऊन राह्यलं."

शकुबाई दाराशी बसली होती. तिच्या शेजारी मैना, वाकडा हात पदराखाली. शकुबाई ओरडेल असं सगळ्यांना वाटलं. घनश्यामलाही तेच वाटत होतं, आणि तसं झालं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. पण ती हळूच बोलली.

"तू म्हनाचं होतं, मले नाई येत. आमी काय तुले टाकून देल्लो असतो का गा? आमाले तरी कोनतं येत होतं?"

घनश्याम दाराकडून रामाजीकडे वळला.

"पोचूले बोलवा," तो म्हणाला. "इंजिन बदलून भेटते नागपूरले. आपलं हे पेट्रोलचं एखाद्या धानाच्या गिरणीवाल्याले चालन. मी उद्यापासून येत नाई."

"न येऊन कसं चालन?" रामाजी म्हणाला. "पोचू येयेपर्यंत गाडी कोन हाकन? चूक केली, आता पळू नोको."

त्याला माफ केलं की नाही, ते कोणी बोललं नाही. विषय पुढच्या तळ्याकडे वळला. घनश्याम उभाच होता; कोणीतरी शेला ओढल्यावर खाली बसला.

तो हिवाळाभर गाडी चालवत राहिला. बायका गाडीत बसायच्या, पण पहिल्यासारखी गाणी म्हणायच्या नाहीत. रस्त्यात कुठे पाणी दिसलं की तो न विचारता गाडी थांबवायचा, उतरून आधी स्वतः पाण्यात चालून यायचा, मग सांगायचा, "निघन," किंवा "नाई निघत." ते बोलताना तो कोणाच्या डोळ्यांत पाहत नसे. मोहल्ल्यातून जाताना मैनाच्या अंगणावरून त्याला जावं लागायचं. ती डाव्या हातानं जाळं विणायला शिकत होती. गाठी सैल पडायच्या, ती उसवायची, पुन्हा घालायची. तो त्या बाजूला पाहायचा नाही, आणि तरी रोज त्याला दिसायचं.

उन्हाळ्यात इंजिन बदललं. पोचूच्या ठेकेदाराचं काम संपलं होतं; तो यायला तयार झाला. घनश्यामनं मोहल्ल्यात सगळ्यांसमोर किल्ली त्याच्या हातात दिली.

"अन्ना, तुमी बाजूला बसा," पोचू म्हणाला. "दोन पावसाळ्यांत तुमाले सारं शिकवतो. मंग तुमीच चालवा."

"शिकीन," घनश्याम म्हणाला. "पन बाजूले रामाजीभाऊ बसते. मी मांगं बसन."

आषाढ लागला. डिझेलच्या इंजिनाची पहिली मोठी खेप होती. टोपल्या चढवून झाल्या, बायका चढल्या. घनश्याम मागून फळीवर पाय देऊन वर आला. मागे जागा नव्हती. क्षणभर तो तसाच फळीला धरून लोंबकळत राहिला. बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मग मैनानं आपली टोपली गुडघ्यानं थोडी सरकवली आणि त्या वाकड्या हातानंच पोतं पसरून दिलं.

तो बसला. गाडी हलली. वरच्या टोपलीतलं पाणी त्याच्या खाकी सदऱ्याच्या खांद्यावर ठिबकू लागलं, तिथून पाठीत उतरलं. त्यानं अंग चोरलं नाही. समोरच्या टोपलीवर हात ठेवून, ती कलंडू नये म्हणून, तो वडशापर्यंत तसाच बसून राहिला.