खालच्या तीन फांद्या

हाडांच्या दवाखान्यात रोज प्लॅस्टर घालणाऱ्या माणसाला झाडावर काय दिसणार? फांदीफांदीला एकेक मोडका हात. बाबांचं नेमकं तेच झालं होतं. लेक जेमतेम पाच वर्षांची, आणि शाळा कुठली, तर म्हणे रानातली! भिंती नाहीत, फळा नाही. दिवसभर चिखल, ओंडके आणि मधोमध ते जाडजूड झाड. बाईंचा नियम एकच: कुणी कुणाला वर चढवायचं नाही. आपलं आपण चढायचं, आपलं आपण उतरायचं.

“म्हणजे पडायचंही आपलं आपणच,” बाबा घरी कुरकुरले.

रविवारी पालकांनी मिळून रान साफ केलं. बाबांनी घरून करवत नेली आणि वाळलेल्या काटक्यांबरोबर झाडाच्या खालच्या तीन हिरव्यागार फांद्याही गुपचूप उडवल्या. आता चढा म्हणावं!

बुधवारी मदतीला थांबायची पाळी बाबांची होती. बाई ओढ्याकाठी काही मुलं सांभाळत होत्या, बाबा खाऊचे डबे मोजत होते. तेवढ्यात वरून आवाज आला, “बाबा, मी बघ कुठंय!”

करायला गेले गणपती नि झाला मारुती. पोरांनी एक ओंडका ढकलत आणून बुंध्याला तिरका टेकवला होता आणि त्यावरून लेक थेट चौथ्या फांदीवर पोचली होती. बाबांनी मान वर करायला आणि ओंडका घसरून आडवा व्हायला एकच गाठ पडली.

जिथं पाय टेकत उतरायचं, तिथं तीन पांढरे गोल वण होते.

“उडी मार! मी झेलतो!”

“झेलायचं नसतं. बाई रागावतात.” पण तिचा ओठ थरथरत होता. “बाबा, इथली फांदी कुठं गेली?”

बाबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आरडाओरडा ऐकून बाई धावत आल्या. त्यांनी वण पाहिले, मग बाबांकडे पाहिलं.

“बुंध्याला पाठ लावून उभे राहा,” त्या म्हणाल्या. “तोडली ज्यानं, फांदी त्यानंच व्हायचं.”

चिखलाचा बूट आधी डोक्यावर आला, मग खांद्यावर. भार टाकण्याआधी त्यानं खांदा दोनदा चाचपून पाहिला. इतकी सावध आहे ही? कधीपासून? बाबांचे डोळे भरून आले.

“हलू नकोस ना! फांद्या हलत नाहीत.”

मग गुडघा, मग जमीन. बाबांचा जीव भांड्यात पडला. ते तिला कवेत घ्यायला वाकले.

“थांब की बाबा,” ती म्हणाली, “रांग आहे.”

खरंच होती. सहा पोरं वर चढायला बूट आपटत उभी होती.

“नव्या फांद्या फुटायला किती दिवस लागतात हो?” बाबांनी हळूच विचारलं.

“चार-पाच वर्षं,” बाई म्हणाल्या. “बुधवारी मोकळेच असता ना?”