भाडे न घेणारे घर

सोमवार, ३ डिसेंबर १९५६, सकाळचे सव्वादहा. ग्वाल्हेरच्या लश्कर भागात, दाल बाजारातल्या एका आडत्याच्या माडीवर गुडघे टेकून मी मोजफितीचे एक टोक भिंतीशी धरले होते. ही मी पाहत असलेली नववी खोली.

आडत्या जिना चढून धापा टाकत आला. "साहब, नापिए मत. हमारा सारा टैक्स भरा हुआ है."

मी करवसुलीचा माणूस नाही, मला कचेरीसाठी खोली भाड्याने हवी आहे, हे मी त्याला नीट समजावले. त्याने माझ्या तळहातावरच्या होकायंत्राकडे बोट केले. "किराएदार ये लेके घूमता है?"

मी इमारतींचे नकाशे काढतो. पूर्वेची किंवा पश्चिमेची खिडकी असली की ऊन कागदावर येते, सावली रेघेबरोबर सरकते आणि डोळा फसतो. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा राहतो, म्हणून होकायंत्र. त्याने सगळे ऐकून घेतले आणि जिन्यातून हमालाला हाक मारली. मी उतरत होतो तेव्हा हरभऱ्याची पोती वर चढत होती. खोली रिकामी दिसू नये म्हणून!

लोक फितीला भीत, त्याला कारण होते. आठ वर्षांत दोनदा राज्य बदलले होते. ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात गेले तेव्हा फिती घेऊन माणसे आली आणि अधिकाऱ्यांसाठी घरे ताब्यात घेऊन गेली. आता एक नोव्हेंबरला मध्यभारतही नव्या मध्यप्रदेशात विरून गेला आणि राजधानी झाली भोपाळ. मी नोकरीला होतो त्या बांधकाम खात्याचा नकाशा विभाग ट्रकांत भरून तिकडे गेला. माझी आई अंथरुणाला खिळलेली, पत्नी शरयू इथल्या मुलींच्या शाळेत शिक्षिका. मी बदली नाकारून राजीनामा दिला. ज्या दालनात मी चौदा वर्षे बसलो, त्याला उत्तरेकडे तीन उंच खिडक्या होत्या. त्याला आता कुलूप होते. ते भाड्याने मागायला गेलो, तर मागे उरलेला कारकून म्हणाला, "रिकाम्या खोल्यांचा निर्णय भोपाळहून येईल." निम्म्या शहरातली दालने उंदरांना मोकळी, आणि तांत्रिक महाविद्यालयातून शिकून आलेल्या माणसाला एक खिडकी मिळू नये!

शिवाय मुदत होती. खासगी नकाशे काढण्याच्या परवान्याला रस्त्यालगतची खोली, मालकाच्या सहीची भाडेपावती आणि दर्शनी दारावर नावाची पाटी लागे, तीही ३१ डिसेंबरच्या आत. परवाना नसेल तर माझ्या सहीचा नकाशा कोणी हातात धरणार नव्हते. आणि राजीनामा परत घेता येत नव्हता.

दुपारी टोपी बाजारातली दहावी खोली पाहून आलो. संध्याकाळी शरयूने विचारले, "टोपी बाजारातला कमरा कसा होता?"

"खिडकी आहे. खिडकीसमोर दोन हातांवर दुसऱ्याची भिंत आहे."

"मग महिपतरावांकडे विचारा ना. फूलबागेच्या वाटेवरच्या त्यांच्या मकानात, ती देवडीतली पहारेकऱ्यांची खोली बिलकुल रस्त्याला आहे."

"तिथे नको."

"का? मामंजी तर जन्मभर त्यांच्याकडे होते."

"म्हणूनच नको."

"अहो, खिडकीला पता असतो का, कोणाचे वडील कुठे नोकरीला होते ते?"

बुधवारी मी गेलो. माझे वडील सूर्याजी भापकर महिपतरावांच्या पथकात घोडेस्वार होते. पथक केव्हाच मोडले होते, जहागीर कायद्याने गेली होती. महिपतरावांची पगडी मात्र पूर्वीइतकीच घट्ट बांधलेली होती. वडील त्यांना 'सरकार' म्हणत. मी 'रावसाहेब' म्हणालो. त्यांच्या कपाळाला किंचित आठी पडली, पण खोली त्यांनी स्वतः उघडून दाखवली.

होकायंत्राची सुई खिडकीच्या बरोबर मध्यावर आली. चुन्याच्या भिंतींवर शांत, पांढरा उजेड पसरलेला होता. मी मापे घेतली. कोणी अडवले नाही.

"पसंत?"

"पसंत आहे, रावसाहेब. भाडं किती?"

ते मोठ्याने हसले. "अरे, सूर्याजीचा मुलगा तू! तुझ्याकडून किराया घेऊ? ह्या मकानात आजवर कोणी किराया दिला नाही. उद्यापासून बस."

"मला पावती लागेल."

"मी बस म्हणतोय, पावती कसली? दसऱ्याला वडिलांसारखं पागोटं घालून मुजऱ्याला ये, झालं."

"आणि पुढच्या दारावर पाटी लावावी लागेल. नियमच आहे."

हसू गेले. "पाटी? ह्या दारावर? लोक म्हणतील, महिपतरावांनी दुकान काढलं."

"नाव माझं असेल."

"दार माझं आहे."

मग माझा तोल सुटला. "रावसाहेब, नऊ जणांनी मला सरकारी माणूस समजून हाकललं. तुम्ही घरचा नोकर समजून ठेवून घेताय. मला दोन्ही नको. पैसे देऊन खोली घेणारा साधा माणूस ह्या लश्करात असू शकतो, हे कोणी मानणार आहे की नाही? माझे वडील तुमच्या देवडीवर उभे राहिले. मला तिथे बसायचं आहे, आणि भाडं देऊन बसायचं आहे!"

"आवाज खाली," ते म्हणाले. "सूर्याजी कधी ह्या घरात असा बोलला नाही."

"त्यांना कोणी विचारलंच नाही."

देवडीच्या आतल्या अंगाला बांबूच्या काड्यांचा, चिकाचा पडदा होता. त्यामागून बाईचा आवाज आला.

"किराया किती देणार, दिनकरराव?"

त्या घरात माझ्या नावापुढे 'राव' आजवर कोणी लावले नव्हते.

"महिना पंचवीस, बाईसाहेब."

"आपण आत जावं," महिपतराव पडद्याकडे न पाहता म्हणाले.

पडदा सरला आणि विजयाबाई बाहेर आल्या. परक्या पुरुषासमोर, नवऱ्याच्या देखत, पदर नीट डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या. हातांत काचेच्या बांगड्यांपलीकडे काही नव्हते.

"न्हाणीतलं तांब्याचं घंगाळ कुठे गेलं, म्हणून आपण विचारता. मी म्हणते, कल्हईला दिलंय. मोठी पातेली? कल्हईला. समया? त्याही कल्हईला." त्या थांबल्या. "दोन वर्षं कुठे कल्हई चालते का?"

महिपतरावांनी काठीची मूठ एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"पाटी लागली," ते शेवटी म्हणाले, "तर मी त्या दारानं जाणार नाही."

"मागचं दार उघडंच असतं," विजयाबाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. एखादी वस्तू कुठे ठेवली आहे ते सांगावे, तसे त्यांनी सांगितले.

पावतीवर महिपतरावांनी मोडीत सही केली. कायद्याने काढून घेतलेल्या सगळ्या किताबांसकट. परवान्याच्या खिडकीवरच्या नव्या बाबूने ती उलटसुलट करून पाहिली. "ये क्या कीड़े-मकोड़े हैं?"

ज्या माणसाशी मी भांडून आलो होतो, त्याचे सगळे किताब मी एकामागून एक मोठ्याने वाचून दाखवले. रांगेतले लोक वळून पाहू लागले तरी थांबलो नाही. बाबूने मुकाट्याने शिक्का मारला.

वीस डिसेंबरला पाटी लागली: दि. सू. भापकर, नकाशे व अंदाजपत्रके. दुसऱ्या सकाळी मी फळ्यावर कागद ताणत असताना महिपतराव फूलबागेकडे फिरायला निघाले. पागेमागच्या बोळातून, गटार ओलांडत, शेणातून वाट काढत ते रस्त्यावर आले. पगडी तशीच, पाठ ताठ. मी उठून खिडकीतून नमस्कार केला. त्यांनी तो घेतला, पाटीकडे पाहिले नाही.

पुढच्या दसऱ्याला मीच मागच्या दाराशी जाऊन म्हणालो, "रावसाहेब, आजच्या दिवस पाटी उतरवून ठेवतो. आपण पुढून जावं."

"नको," ते म्हणाले. "तुमचा परवाना जाईल."

मला ते 'तुम्ही' म्हणू लागले ते त्या दिवसापासून. मी ते कमावले होते, आणि तरीही त्या बोळाकडे पाहिले की मला चीड येई. सरकारच्या अटीची, त्यांच्या हट्टाची, पाटी नुसती आत भिंतीवर लावून भागत नव्हते त्या गोष्टीची. दर पावतीवर ते मोडीतच सही करीत राहिले.

शेवटी त्यांना नेले तेही मागच्याच दाराने. विजयाबाईंनीच तसे न्यायला सांगितले. पाटी लागल्यानंतर महिपतराव अकरा वर्षे जगले. त्यात पुढच्या दाराने ये-जा: शून्य.