तीन तुटक, एक लांब

पाखरू गाण्याच्या स्पर्धेत जिंकलं तर कुसनानला तीन गोष्टी मिळणार होत्या. पहिली, कायम नोकरीचा कागद. मासळीच्या कारखान्यात यंत्रघर सांभाळता सांभाळता केस पिकले, तरी तो अजून कंत्राटीच होता. दुसरी, बंदरावरच्या कॉफीच्या टपरीत पाखरूवाल्यांच्या बाकावर जागा. आणि तिसरी, बायकोच्या तोंडून एक बरा शब्द. पहिल्या दोन मॅनेजरच्या हातात होत्या, म्हणून सोप्या. तिसरी सुमियातीच्या हातात होती.

"डबाभर रातकिडे खाऊन टिट्-टिट् करतं, तर त्याला गाणं म्हणतात," मासे कापता कापता ती आमच्या टेबलावर सांगायची. "मी सुक्या भातावरून दोन शब्द बोलले, तर ती कटकट!"

दोन शब्द म्हणजे केवढे, ते आम्हाला ठाऊक. आमच्या मुंचार बंदराच्या धक्क्यावरून तिने हाक मारली, तर गेलेली होडी मागे वळायची.

कुसनान पिंजरा यंत्रघराच्या खिडकीत टांगायचा. त्यातला मुराई पक्षी हा आपल्या दयाळाचा चुलतभाऊ; कानावर पडेल ते उचलतो. त्या वर्षी खाऱ्या हवेनं यंत्रघरातला, मासळी गार ठेवणाऱ्या अमोनियाच्या गळतीचा अलार्म बिघडला होता. गळती नसतानाही तो ओरडायचा. तीन तुटक, एक लांब. कुसनानने वर कळवलं. मॅनेजर पाक हर्यादी, म्हणजे हर्यादीराव, स्वतः पाखरांचा वेडा. खाली आला आणि अलार्मकडे न बघता पिंजऱ्यापाशी कान देऊन उभा राहिला.

"पाक कुसनान, हा सूर अख्ख्या जिल्ह्यात कुणाच्या पाखराकडे नाही. पक्का होऊ दे, मग बदलू."

"पण साहेब, खरंच गळालं तर?"

"तुमचं नाक आहे ना? त्यालाच तर पगार देतो."

सूर पक्का झाला. मग नवा अलार्म आला, अगदी बिनचूक, जुन्याच आवाजाचा. आता अलार्म गप्प असायचा आणि पाखरू बोलायचं. सुरुवातीला आम्ही सुऱ्या टाकून अंगणात पळायचो. पुढे नुसत्या माना वळवायचो. मग तेही सुटलं. आमची मुकादमीण मिस्तिया मागच्या टेबलावरून ओरडायची, "पाखरूच आहे गं ते! हात चालवा."

स्पर्धा जेंबरला, रविवारी. पाखरू कुसनानचं, नोंदीतलं नाव हर्यादीचं. लेमुरू मासळीचा हंगाम होता, त्यामुळे आम्हाला रविवारीही काम. कुसनान पिंजऱ्यावर कापड घालून पहिल्या बसने गेला. सुमियातीने हे आम्हाला सांगितलं नाही. सांगितलं असतं, तर आम्ही चिडवून तिला दिवसभर सुखानं मासा कापू दिला नसता.

"आज तोंड का फुगलंय, बू सुम?" मी सुमियातीला विचारलं.

"वास येतोय."

"कुणाचा, मासळीचा की नवऱ्याचा?"

"दोन्ही एकच," ती म्हणाली, आणि मिस्तिया इतकी हसली की तिचा डोक्याचा रुमाल सुटला.

सुमियाती ट्रे आणायला अंगणात गेली. तेवढ्यात यंत्रघराकडून आवाज आला. तीन तुटक, एक लांब. कुसनानच्या बदलीवर आलेला माणूस बर्फाच्या गाडीपाशी होता. तोही पाखरू समजून हसला. मिस्तियाने मान वर न करता ठरलेलं वाक्य म्हटलं. आम्ही हात चालवले. आवाज थांबेना.

"चढलंय आज त्याला," कुणीतरी म्हणालं.

सुमियाती ट्रे घेऊन दारात आली आणि थबकली.

"अगं, पाखरू जेंबरला आहे."

हे ती हळू म्हणाली. तिला हळू बोलताना मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

मग मागच्या भिंतीपलीकडे काहीतरी फुटलं आणि पांढरा लोट आत शिरला. मी दारापाशी होते म्हणून बाहेर पडले. मागचं टेबल आत राहिलं. अमोनिया ओल शोधतो, आणि बाईच्या अंगात ओल म्हणजे डोळे आणि घसा. सुमियाती दारातून हलली नाही. आतल्यांना काही दिसत नव्हतं, म्हणून ती हाका मारत राहिली, "इकडे! माझ्या आवाजाकडे या!" हाक मारायची तर आधी श्वास घ्यावा लागतो. तिने तो पुन्हा पुन्हा घेतला. आवाजाच्या मागोमाग एकेक बाई बाहेर आली. मिस्तिया आली नाही.

जेंबरला पाखराने तोच सूर लावला, पंचांनी पिंजऱ्याखाली विजयाचा झेंडा रोवला आणि कुसनानला लोकांनी खांद्यावर घेतलं. हे त्याने मला एकदाच सांगितलं.

आता जमाखर्च मांडायचा तर कप हर्यादीच्या कपाटात आहे. कारखान्याला वेगळ्या आवाजाचा अलार्म मिळाला. कुसनानला कागद मिळाला आणि बाकावर जागाही. तिथे तो बसत नाही. या सगळ्याचे दाम दोघींनी मोजले. मिस्तियाने जीव दिला, सुमियातीने आवाज.

पाखरू त्यांच्या ओसरीत असतं. कुसनानने ते विकायला काढलं होतं, तिनेच हात आडवा धरला. रातकिडे आता तीच घालते. मध्येच ते सूर लावतं आणि ती डब्याचं झाकण बंद करून गल्लीत जाते, समुद्राकडून वारा येतो त्या बाजूला उभी राहते. पाखरूच आहे हे तिला माहीत असतं, त्यालाही. पण ते वाक्य आमच्या गल्लीत आता कुणी म्हणत नाही. तोही बाहेर येऊन तिच्याजवळ उभा राहतो.

सूर संपला की तिचे ओठ हलतात. तो वाकून कान जवळ नेतो. येते ती नुसती हवा. बरा शब्द होता की कटकट, त्याला कळत नाही.