सहावा नमुना

लवूकाकांच्या टेम्पोचे पाच नमुने स्वच्छ निघाले: हौदा, जाळ्या, चाकं, पायरी, केबिन. सहाव्यात मानमोडीचा, कोंबड्यांच्या साथीच्या रोगाचा, विषाणू सापडला. फॉर्मवर सहाव्याला रकानाच नव्हता.

रुचा परळच्या एका प्रयोगशाळेत कोंबड्यांच्या रोगांच्या चाचण्या करायची आणि लालबागच्या चाळीत एकटी भाड्याने राहायची. दीड वर्षात मजल्यावर तिची रोज चौकशी करणारं माणूस एकच, शेजारचे लवूकाका. तेही एकटेच. कर्जतकडच्या पोल्ट्र्यांतून कोंबड्या भरून ते दादर-लालबागच्या दुकानांत पोचवत. फेरीतली तिसरी पोल्ट्री त्यांच्या सख्ख्या बहिणीची, मीराबाईंची. गेल्या महिन्यात ओळीने तीन पोल्ट्र्यांत मानमोडी आली. मीराबाईंच्या आठशे कोंबड्या मेल्या. "तुझ्या गाडीनंच आणलं," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला, तो पुन्हा उचलला नाही.

"तपास गो माझी गाडी," काका म्हणाले होते. "कागद दाखवतंय तिका."

नमुने घेताना रुचाला त्यांचे गमबूट दिसले. केबिनमध्ये गणपती, म्हणून काका बूट काढूनच वर चढत. बूट गोणीत घालून जाळ्यांच्या मागे ठेवत. गाडी रोज औषधाने धूत. बूट मात्र पोल्ट्रीच्या फाटकाशी औषधाच्या ट्रेमध्ये बुडवले की झालं. तळव्याच्या खाचांत विष्ठा वाळून घट्ट बसली होती. क्षणभर बुडवून औषध तिच्या आत जाणार नव्हतं. रुचाने कुतूहलाने तिथलाही नमुना घेतला.

निकाल आला त्या संध्याकाळी काका तिच्या खोलीवर थर्मासमधून दोघांपुरता चहा घेऊन आले.

"काय गो, झालो कागद?"

पाच नोंदींचा फॉर्म टेबलावर होता. तो तसाच दिला असता तर त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. पण उद्या काका त्याच बुटांनी, अजून रोग न पोचलेल्या चौथ्या पोल्ट्रीवर जाणार होते.

"गाडी स्वच्छ आहे, काका. बुटांत सापडला."

"बुटांत?" ते हसले. "बुटाक कोण साबण लावता? ती काय गाडी आसा?"

रुचा हसली नाही. त्यांनी थर्मास खाली ठेवला.

"पण त्यावरून तुम्हीच नेला असं ठरत नाही," ती घाईने म्हणाली. "मीराबाईंकडूनच तो बुटांना लागला असेल. चाचणीतून दिशा कळत नाही."

"रोगान पयली पोल्ट्री खयची पडली?"

"देशमुखांची."

"मगे?"

देशमुखांची काकांच्या फेरीतली पहिली. नंतर लागण झालेली फेरीतली दुसरी, मग तिसरी, मीराबाईंची. काकांनी बोटांवर मोजलंही नाही. खिशातून फोन काढून त्यांनी बहिणीला लावला. वाजत राहिला. मग त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवरचा माइक दाबून धरला.

"मीरा, तुझा खरा होता. माझ्या बुटातनाच इली ती. बोलू नको माझ्याशी, पण पिंजरे धुतल्याशिवाय नवी पिल्लां भरू नको."

मेसेज गेला. थोड्या वेळाने दोन्ही खुणा निळ्या झाल्या. उत्तर आलं नाही.

"चौथ्या पोल्ट्रीवाल्याक आताच कळवतंय," ते उठले. "उद्या गाडी काढूचंय नाय."

"काका, चहा..."

"तू घे गो."

त्यांच्या खोलीची कडी आतून लागली. भिंतीपलीकडे रोज सात वाजता लागणाऱ्या बातम्या त्या दिवशी लागल्या नाहीत. रुचाने फॉर्म पुढे ओढला, पाचव्या रकान्याखाली पट्टीने एक रेघ आखली आणि लिहिलं: चालकाचे बूट, तळवे.