चौदा नंबरचं झाड

“विनीता, व्हाय यू लिसनिंग?” सिस्टर कोह माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

समोरच्या पलंगावर रबरी म्हातारा कुशीवर पडला होता. त्याच्या छातीत कफ साठलाय असं धरायचं, तळहात पसरट वाटीसारखा करून पाठीवर थापट्या मारायच्या आणि कफ सुटा करायचा, असा त्या दिवशीचा धडा होता. मी एक थापटी मारली, थांबले आणि पाठीला कान लावला. चार बोटं खाली सरकले, दुसरी मारली, पुन्हा कान लावला. वर्गातल्या पोरी तोंडावर हात ठेवून हसत होत्या.

“डोन्ट लिसन लाह, जस्ट क्लॅप,” सिस्टर म्हणाल्या. “ही इज नॉट अ ट्री.”

सिंगापुरातल्या हौगांगच्या आमच्या कम्युनिटी कॉलेजात सगळ्यांना ठाऊक होतं, की यिशुनहून येणारी ती चव्वेचाळीस वर्षांची बाई सोमवार ते शुक्रवार नर्सिंग शिकते आणि शनिवारी वनशास्त्राच्या वर्गाला बसते. झाड आतून पोकळ झालंय का हे पाहायला तिथे बुंध्यावर लाकडी हातोड्याने ठोकतात आणि ऐकतात, मग थोडं सरकून पुन्हा ठोकतात. भरीव लाकूड आखूड बोलतं, पोकळ जागी आवाज घुमतो. आदल्या शनिवारी मी तीन तास तेच करत होते. हाताला काय कळतंय, समोर झाड आहे का म्हातारा.

नर्सिंग गरजेचं होतं. माझा नवरा प्रबोध आयटीत मॅनेजर. त्याच्या एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर, आम्ही तिघं नऊ वर्षं इथे राहत होतो, आणि दोन वर्षांपूर्वी त्याच्या ऑफिसात माणसं कमी करायला सुरुवात झाली. तेव्हा आम्ही दोघांनी बसून ठरवलं की घरात दुसराही पास हवा. नर्सेस सगळीकडे लागतात. मला रुग्णसेवेची ओढबिढ नव्हती, खोटं कशाला बोलू? पण रक्त बघून मला घेरी येत नाही आणि म्हातारी माणसं माझं ऐकतात, एवढ्यावर मी फॉर्म भरला.

वनशास्त्र मात्र माझं स्वतःचं होतं. दापोलीला तिसऱ्या वर्षाला होते तेव्हा लग्न ठरलं. प्रबोधची बंगळूरची नोकरी आधी सुरू झाली, माझी परीक्षा नंतर होती. ‘तिकडे जाऊन पूर्ण कर की,’ असं सगळेच म्हणाले, जसं काही ते अर्धवट राहिलेलं विणकाम होतं. बंगळूर झालं, मग पुणे, मग सिंगापूर. ऐन, किंजळ, नाणा ही झाडांची नावं मी कणीक मळताना मनात म्हणत असे, विसरायला नकोत म्हणून.

मला काय हवं होतं ते सरळ सांगते. सकाळी सहाला बूट घालून घराबाहेर पडावं. हातात वही असावी. झाडापुढे उभं राहून मी सांगावं, हे ठेवा, हे पाडा, आणि लोकांनी ते मानावं. संध्याकाळपर्यंत जेवायला काय आहे असं मला कुणी विचारू नये. तेवीस वर्षं मला हे हवं होतं आणि वय वाढलं म्हणून ते एक दिवसही कमी झालं नाही.

शनिवारच्या वर्गाचे रहीमसर पंचवीस वर्षं झाडं तपासण्याच्या कामात काढून आलेले. मलय भाषेत मास्तरांना चिकगू म्हणतात, आम्हीही त्यांना तेच म्हणायचो. परीक्षेची तारीख सांगताना ते म्हणाले, “एव्हरीबडी वन ट्री. यू चेक, यू डिसाइड, यू साइन. आफ्टर धिस नो मोर बॅच. ओन्ली नाइन स्टुडंट, कॉलेज क्लोज द कोर्स.” वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. त्यांच्या जुन्या कंपनीला झाडं तपासणारं माणूस हवं होतं. “यू पास, आय गिव्ह युवर नेम.”

बसमध्ये मी एकटीच हसत बसले होते. शेजारच्या आजीबाई उठून पुढच्या सीटवर गेल्या.

सोमवारी नर्सिंगच्या बोर्डावर वॉर्डातल्या ड्यूट्यांची यादी लागली. माझी पहिली ड्यूटी झाडाच्या परीक्षेच्याच शनिवारी होती, सकाळी सातला. परीक्षा आठला. मी सिस्टरांकडे गेले.

“एक दिवस बदलून मिळेल?”

“कॅनॉट. मिस वन डे, नेक्स्ट टर्म रिपीट.” मग त्यांनी विचारलं, “फॉर द ट्री, इज इट?”

मी मान हलवली. त्यांनी यादीत माझ्या नावापुढे पेन टेकवलं, पण काही लिहिलं नाही. “फ्रायडे बिफोर फाइव्ह, यू टेल मी.”

पुढचं सत्र म्हणजे सहा महिने. तीन दिवस मी ते सहा महिने उलटसुलट करून पाहिले आणि बुधवारी ठरवून टाकलं. नर्सिंग सहा महिने थांबेल, झाड थांबणार नाही. तेवीस वर्षांत पहिल्यांदा मी काहीतरी फक्त माझ्यासाठी ठरवलं होतं, आणि मला अजिबात अपराधी वाटत नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी प्रबोधला घेऊन मी ब्लॉकखालच्या कॉफीशॉपमध्ये गेले. सोळा वर्षांची आमची मैत्रेयी ट्यूशनला गेली होती. प्रबोध दोन चहा घेऊन आला.

“ऐक ना, तुला एक सांगायचंय,” मी म्हणाले.

“मलाही. मी आधी सांगू?”

माझी बातमी मला आनंदाची होती, ती नंतर सांगितलेलीच बरी. मी हो म्हटलं.

“आज पत्र दिलं हातात. महिनाअखेर शेवटचा दिवस.”

“तुला एकट्याला?”

“आख्खी टीम.” तो कपाकडे बघत बोलत होता. “नंतर एक महिना राहता येतं. तेवढ्यात इथे काही मिळालं तर ठीक, नाहीतर मी पुण्याला जाऊन बघतो. प्रश्न मैत्रूचा आहे. तिची ओ लेव्हल ऑक्टोबरात. आपल्यातलं कुणी एक पासवर असलं, तर ती इथेच परीक्षा देईल. तुझं किती राहिलंय?”

“सहा आठवडे.”

“आणि हॉस्पिटल घेतंय, नक्की ना?”

“वॉर्डातल्या ड्यूट्या पुऱ्या केल्या की घेतील.”

“बरं झालं बाई, तू हे केलंस.” त्याने घाईघाईने चहाचा घोट घेतला आणि तोंड पोळून घेतलं. मी त्याला पाणी आणून दिलं.

“तू काय सांगणार होतीस?”

“काही नाही. शनिवारी ड्यूटी आहे. सातला.”

“आणि तुझी झाडं?”

“ती कुठे जातायत?”

त्याने ते खरं मानलं. मी बोलते ते तो नेहमी सरळच घेत आलाय, त्यात त्याची काही चूक नाही. मला राग आला होता, भयंकर राग आला होता, पण कुणावर काढावा असं एकही माणूस सापडेना. मैत्रेयीला आणायला जायची वेळ झाली म्हणून आम्ही उठलो.

शुक्रवारी चार वाजता मी सिस्टरांना सांगितलं की शनिवारी येते. त्या “गुड” म्हणाल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. मग कॉलेजच्या मागच्या शेडमध्ये गेले. चिकगू दुसऱ्या दिवसाची तयारी करत होते. नऊ पिवळी हेल्मेटं बाकावर ओळीने मांडली होती आणि प्रत्येकावर ज्याचं त्याचं नाव होतं. परीक्षेचे कागद झाडांचे नंबर घालून तयार होते. माझ्या कागदावर चौदा आकडा होता.

मी त्यांना सगळं सांगितलं. इंग्रजीत सांगायला फार वाक्यं लागली नाहीत. त्यांनी माझा कागद उचलला, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवला.

“नंबर फोर्टीन इज टेंबुसू. व्हेरी ओल्ड. नॉट इझी वन.” ते माझ्याकडे न बघता बोलत होते. “जस्ट बिहाइंड द फील्ड. यू वॉन्ट टू सी?”

मी नको म्हणाले. पाहिलं असतं, तर शनिवारी वॉर्डात जायला पाय उचलला नसता.

हेल्मेटवरचं नाव मीच पहिल्या दिवशी काळ्या मार्करने लिहिलं होतं, गरजेपेक्षा जरा मोठंच. इंजेक्शनआधी कातडी पुसायचे स्पिरिटचे स्वॅब माझ्या पर्समध्ये होते. मी एक पाकीट फाडलं.

“लीव्ह इट लाह,” चिकगू म्हणाले. “नो मोर क्लास. नोबडी वॉन्ट द हेल्मेट.”

“वस्तू परत करताना स्वच्छ करून द्यायची असते,” मी मराठीतच म्हणाले, आणि त्यांनीही काय म्हणतेस असं विचारलं नाही.

चार स्वॅब लागले. पुसून झाल्यावर हेल्मेट ओळीत पुन्हा त्याच्या जागी ठेवलं. काळे झालेले स्वॅब टाकायला शेडमध्ये काही दिसेना, म्हणून रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकले आणि मैदानाच्या बाजूने न जाता पुढच्या दाराने बसस्टॉपवर आले.